चार गुणांचं उत्तर

दर शनिवारी दुपारी अडीच वाजता जयदेव कासारे सर उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या गल्लीत शिरले, की मुकेशशेठ दुकानातूनच म्हणायचा, "दीदी, तुमचे सर आले." हे 'तुमचे' तो एकोणीस वर्षं म्हणत होता. सर ते ऐकायचे, मनातून सुखावायचे आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा करून खुर्ची ओढायचे. असा चेहरा करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या अंबरनाथात कुणी नव्हता.

मुकेशशेठचं दुकान छपाईचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, जीन्सची लेबलं आणि वर्षातून एकदा 'कासारे सरांचं गाईड', बारावी मराठी. सर ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे आणि त्यांच्या गाईडावर बदलापूरपर्यंतची निम्मी पोरं पास व्हायची. गाईड सर लिहीत नसत. ते डोळे मिटून, स्वल्पविरामासकट सांगायचे आणि दुकानात टायपिंग करणारी शालन रोकडे ते उतरवायची. जिथे सरांचं वाक्य घसरे तिथे ती न बोलता सावरून घेई. पुढे पुढे तर सर अर्ध्या वाक्यावर थांबत आणि डोळे उघडेपर्यंत उरलेलं अर्धं पडद्यावर आलेलं असे. चार वाजता चहा. चहाबरोबर शालन डबा उघडायची, कधी थालीपीठ, कधी घावन. "उगाच त्रास घेता, शालनबाई," असं म्हणत सर दोन खायचे.

सरांचं शालनवर मन होतं. ही गोष्ट मुकेशशेठला माहीत होती, समोरच्या शिलाईवाल्याला माहीत होती आणि शालनला तर होतीच. ओळख झाली तेव्हा ती एकोणतीसची, सर छत्तीसचे. अडचण म्हणून शोधायला गेलं असतं तर एकही हाती लागली नसती. दोघं बौद्ध, दोघं एकटे, दोघांच्या घरचे वाट बघून थकलेले. तिचा भाऊ तर सरांना एकदा बदलापूरला जेवायला बोलावून, पानं वाढल्यावर 'दही आणतो' म्हणून पाऊण तास बाहेर जाऊन बसला होता. त्या पाऊण तासात सरांनी शालनला संतवाङ्मयाचे कालखंड सांगितले.

मग घोडं कुठे पेंड खात होतं? आधी सरांच्या आईचं आजारपण होतं. ते आठ वर्षं चाललं आणि त्यात सरांची फार सोय झाली. आई गेल्यावर वर्षभर दुःख झालं. मग वरिष्ठ श्रेणी मिळाली की बघू, असं ठरलं. ती मिळाली. तोवर मिशा पिकल्या, आणि 'या वयात लोक काय म्हणतील' हे नवं कारण मिळालं, जे मरेपर्यंत पुरणारं होतं. बरं, नकाराची भीती म्हणावी तर तीही नव्हती. ती नाही म्हणणार नाही हे सरांना पक्कं ठाऊक होतं. आणि पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीची घाई कशाला करायची?

यंदा बारावीचं पुस्तक बदललं आणि त्यात एक नवकविता आली. यमक नाही, चाल नाही. एक उतारवयाचा माणूस रोज संध्याकाळी एका इमारतीचे तीन जिने चढतो, एका दाराशी थांबतो, बेलवर बोट नेतो आणि परत फिरतो. कवितेत एवढंच घडतं. शेवटच्या ओळी अशा होत्या:

बोट बटनापासून एक जव लांब.
एका जवात किती वर्षं मावतात?
मिशी काळी केली, खाली उतरलो.
उद्या येईन तेव्हा
पायऱ्या वाढलेल्या असतील.

कॉलेजातल्या बाकी शिक्षकांनी कपाळाला हात लावला. ही कविता पोरांना शिकवायची कशी आणि त्यावर प्रश्न काढायचे कसे? सर मात्र हरखून गेले. घरी त्यांनी ती चार वेळा मोठ्याने वाचली आणि चौथ्यांदा त्यांचे डोळे भरून आले. आपल्यासारखाच हळवा माणूस कुणीतरी ओळखला, असं त्यांना वाटलं.

त्याच महिन्यात दुकानात बाळाजी आला. अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर काम करणारा, सत्तावन्न वर्षांचा, बोटांच्या पेरांत काजळी मुरलेला माणूस. वारलेल्या बायकोच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायला आला होता. शालनने त्याच्या मजकुरातल्या चार चुका काढल्या. तो प्रूफ न्यायला आला, मग पत्रिका न्यायला आला. कार्यक्रम उरकल्यावर पंधरा दिवसांनी परत आला, तेव्हा त्याच्याकडे छापायला काही नव्हतं.

"तुमचं लग्न झालेलं नाही असं शेठ बोलले," तो काउंटरवरूनच म्हणाला. "माझ्याशी कराल काय? वांगणीला वन बीएचके आहे, पोरगी सासरी आहे. आत्ताच्या आत्ता सांगा असं नाही. पण विचारून टाकलं. नंतर राहून जातं."

मुकेशशेठ लेबलं कापता कापता थांबला. शालन म्हणाली, "पुढच्या शनिवारी संध्याकाळी सांगते."

ही सगळी हकीकत तिने त्याच आठवड्यातल्या शनिवारी चहाच्या वेळी सरांना सांगितली. शब्दही बदलला नाही. सरांनी घावनाचा तुकडा मोडला, तो बशीत ठेवला आणि म्हणाले, "बॉयलरवर म्हणजे शिफ्ट असणार."

"हो. तीन शिफ्ट."

"तुमचा विचार काय आहे?"

"तोच चाललाय," शालन म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत वेळ आहे."

एवढं स्पष्ट बोलणं शालनने एकोणीस वर्षांत केलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर तिथेच बशी बाजूला सारून बोलला असता. सर म्हणाले, "आज ती नवी कविता घेऊ या," आणि डोळे मिटले.

"प्रश्न चौथा," सर सांगू लागले. "कवितेतील माणूस दार न वाजवता का परततो? गुण चार. उत्तर. सदर कवितेतील नायक हा अत्यंत संवेदनशील आहे, स्वल्पविराम. काळ निसटतो आहे याची त्याला जाणीव आहे. तथापि परिपक्व माणूस उत्तराच्या मोहापेक्षा प्रश्नाचे पावित्र्य जपतो, पूर्णविराम."

टाइप करण्याचा आवाज थांबला. सरांनी डोळे उघडले.

"आणि आतली बाई?" शालनने विचारलं.

"कोणती बाई?"

"दाराच्या आत कुणीतरी असेल ना. तो रोज येतो, जिन्यात पाय वाजतात, तिला ऐकू जात असेल. ती काय करते?"

सर हसले. वर्गात भाबडा प्रश्न आला की हसायचे तसे. "शालनबाई, ती प्रतीक आहे. प्रतीकाला काही करावं लागत नाही. ती चिरप्रतीक्षेत आहे, एवढं लिहा."

"एवढंच लिहू?"

"एवढंच."

तिने ते टाइप केलं. सर घरी गेले आणि मग आठवडाभर जे त्यांनी केलं ते त्यांच्या मानाने फार होतं. त्यांनी वाक्य बसवलं. 'शालनबाई, आपल्या इतक्या वर्षांच्या साहचर्याला एखादं नाव असावं असं वाटतं.' मग 'साहचर्य' जड वाटलं म्हणून 'सोबत' केलं. मग 'शालनबाई'तलं 'बाई' काढलं, परत घातलं. शुक्रवारी त्यांनी मिशीला कलप लावला. शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून ते अडीचला दुकानात हजर झाले.

त्या दिवशी प्रूफं तयार होती. मुकेशशेठची एक पद्धत होती. छापायच्या आधी लेखकाने पानापानावर सही करायची. एकदा एका क्लासवाल्याने चुकीच्या उत्तरांवरून दुकानात येऊन तमाशा केला होता, तेव्हापासून शेठने हा कानाला खडा लावला होता. सर सह्या करायचे, पण वाचायचे कधीच नाहीत. शालनने वाचलेलं परत काय वाचायचं? शहाण्णव पानं ते पोस्टातल्या माणसासारखे हाणत सुटायचे.

शालनने गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. एक पान मधून काढून सगळ्यात वर ठेवलेलं होतं.

"सर, हे पान नीट बघा," ती म्हणाली. "यात मी थोडा बदल केलाय."

"तुम्ही केलाय ना? मग झालं."

"वाचा तरी."

"तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यांच्या डोक्यात ते वाक्य घोळत होतं. 'सोबत' म्हणताना आवाज कापला तर काय, हा विचार चालला होता. एक सही, दुसरी सही. समोर शालन बसली होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. पन्नासाव्या पानाशी सरांनी ठरवलं की सह्या संपल्या की बोलायचं. ऐंशीव्या पानाशी एक गिऱ्हाईक आलं. शहाण्णव झाल्यावर मुकेशशेठ काउंटरवरच होता, आणि त्याच्यासमोर कसं बोलायचं?

"चहा घ्याल ना, सर?" शालनने विचारलं. तिने डबा काढला नव्हता.

"आज राहू द्या. पुढच्या वेळी निवांत बसू," सर म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना चक्क हलकं वाटलं. वाक्य अजून शाबूत होतं.

दोन महिन्यांनी बदलापूरच्या विहारात शालन रोकडे आणि बाळाजी यांचा मंगल परिणय झाला. समाजातले शिकलेले म्हणून सरांना चार शब्द बोलायला उभं केलं. सर सहजीवन या विषयावर अकरा मिनिटं बोलले आणि फार सुंदर बोलले. बाळाजीने हात जोडून त्यांना म्हटलं, "आमच्या हिच्या बोलण्यात तुमचं नाव असतं." शालनने त्यांना वाकून नमस्कार केला, वडीलधाऱ्याला करतात तसा. तो नमस्कार सरांना इतका लागला की ते न जेवता निघाले.

कॉलेज सुरू झालं. सर आता शनिवारी दुपारी घरी झोपायचे. ऑगस्टात वर्गात ती कविता आली, तेव्हा त्यांनी जीव ओतून शिकवली. संवेदनशीलता, काळ, प्रश्नाचं पावित्र्य. निम्मा वर्ग बाकाखाली मोबाइल बघत होता, कारण उत्तर काय लिहायचं ते सगळ्यांच्या दप्तरातल्या गाईडात होतंच. दुसऱ्या बाकावरची रुचिका तेवढी लिहून घेत होती. तिच्याकडे गाईड नव्हतं. सर सांगतात तेच गाईडात असणार, मग दोनदा कशाला, असा तिचा साधा हिशेब. तिने हात वर केला.

"सर, मला हा माणूस जरा स्वार्थी वाटतो. म्हणजे, त्या बाईला रोज ताटकळत ठेवतो ना तो?"

एरवी सर हसले असते. त्या दिवशी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रुचिका," ते म्हणाले, "ही कविता आहे, तुझ्या मोबाइलमधलं रील नाही. जिला माणसाचं मन कळत नाही तिने कवितेच्या वाटेला जाऊ नये. तू कॉमर्स का घेतलं नाहीस?" वर्ग फिदीफिदी हसला. रुचिका खाली बसली आणि पुढे वर्षभर तिने हात वर केला नाही. सर बोलले ते तिने वहीत शब्दन् शब्द उतरवलं आणि पाठ केलं.

ऑक्टोबरात सहामाही झाली. चौथा प्रश्न तोच घातला होता. रविवारी दुपारी सर चौसष्ट पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या पेपरात चौथ्या प्रश्नाचं उत्तर असं होतं:

'कवितेतील माणूस दार न वाजवता परततो, कारण त्याला आत जायचेच नसते. त्याला दाराबाहेर उभे राहणे आवडते. बाहेर उभे असेपर्यंत त्याला स्वतःला हळवा व विचारी समजता येते. आत गेल्यास रोजच्या भाजीपाल्याला हजर राहावे लागेल. या कवितेत वेळ वाया गेल्याचे दुःख आहे असे काही जण मानतात. परंतु तो स्वतःचा वेळ वाया घालवत नसून दुसऱ्याचा वापरत आहे. दारामागच्या बाईला त्याची पावले ओळखू येतात, हे त्याला पक्के माहीत आहे. म्हणून अशा माणसास भित्रा म्हणणे योग्य नाही. भित्रा माणूस निदान घाबरतो तरी. यास कंजूष म्हणावे.'

सरांचं डोकं भणभणलं. कोण हा आगाऊ? त्यांनी लाल पेनने रेघ मारली आणि दुसरा पेपर उघडला. 'कवितेतील माणूस दार न वाजवता परततो, कारण त्याला आत जायचेच नसते.' तिसरा उघडला. तेच. चौथ्यात 'भाजीपाल्याला' हा शब्द हिरव्या स्केचपेनने अधोरेखित केलेला होता. पाचव्यात हुशार मुलीने 'कंजूष'ला चौकट घातली होती. सहाव्याने शेवटी स्वतःचं वाक्य जोडलं होतं, 'यावरून आपण सर्वांनी बोध घ्यावा.' गोल अक्षर, तिरकं अक्षर, कोंबड्याचे पाय, आणि प्रत्येकात तो तोच माणूस दाराबाहेर उभा.

गाईड शोधायला त्यांना वेळ लागला नाही. ते कपाटावर होतं, न उघडलेलं. पान एकाहत्तर. वर त्यांचंच नाव.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात गेले. शालनच्या खुर्चीत कुणी नव्हतं. मुकेशशेठ त्याच्या सिंधी ढंगात म्हणाला की मराठी टायपिंगवाला मिळत नाही, साईं, दोन महिने झाले शोधतोय. सरांनी गाईड काउंटरवर आपटलं आणि पान दाखवलं.

"हे मी सांगितलेलं नाही."

मुकेशशेठने खणातून प्रूफांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वरचं पान काढून सरांपुढे ठेवलं. खाली कोपऱ्यात सही होती. ज. वा. कासारे.

"सर, मला कवितेतलं काय समजतं? सही तुमची आहे ना? आणि एक बात सांगू? यंदा सगळीकडून फोन आले. टीचर लोक बोलतात, आतापर्यंत इतकं भारी उत्तर कुठल्या गाईडमध्ये नव्हतं."

"तिने मला न विचारता लिहिलं."

"विचारलं ना," मुकेशशेठ म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "तुमच्या समोर बसून विचारलं. मी इथेच होतो. तुम्ही यायच्या आधी दीदी मला बोलली, शेठ, आज सरांनी हे पान वाचलं, चिडले, ओरडले, काही पण बोलले, तर बाळाजीला नाही म्हणून सांगणार. पान बदलू, उत्तर सरांचं लावू. आणि वाचलं नाही, तर असंच छापा." त्याने पान परत गठ्ठ्यात सारलं. "तुम्ही गेल्यावर अर्धा तास ती बसली होती. मग इथूनच बाळाजीला फोन लावला. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

सर उभेच राहिले. त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? शालन नाही. 'मी वाचलं असतं तर' हेही नाही. आलं ते हे की शेठला सगळं कळलंय, आता या गल्लीत परत येता येणार नाही. मग त्याची त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या मागून शालनचा चेहरा आला, सह्या चालू असताना त्यांच्या हाताकडे बघणारा. शहाण्णव सह्या होईपर्यंत ती बघत होती.

"दुसरी आवृत्ती काढायची आहे. बदलू का?" शेठने विचारलं.

सरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे शेठला कळलं नाही, आणि त्याने परत विचारलं नाही.

घरी येऊन सरांनी पेपर तपासले. पहिल्या पेपरातली लाल रेघ खोडून त्यांनी चार गुण दिले. दुसऱ्याला चार. सगळ्यांना चार. उत्तर बरोबर होतं, मुद्दे होते, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्रेचाळिसावा पेपर रुचिकाचा निघाला. 'सदर कवितेतील नायक हा अत्यंत संवेदनशील आहे,' तिने लिहिलं होतं. 'परिपक्व माणूस उत्तराच्या मोहापेक्षा प्रश्नाचे पावित्र्य जपतो.' सरांचंच वाक्य, सुवाच्य अक्षरात, चौसष्टात एकटं. सरांनी ते तीनदा वाचलं. त्यात काहीच नव्हतं. त्यांनी तिला एक गुण दिला.

पेपर वाटले त्या दिवशी रुचिका टेबलापाशी आली. तिचा चेहरा रडवेला नव्हता, गोंधळलेला होता.

"सर, सगळ्यांना चार आहेत. मला एकच आहे. मी तुम्ही वर्गात सांगितलं तेच लिहिलंय. वही दाखवू?"

तिने वही पुढे केली. सरांनी वहीकडे पाहिलं. ऑगस्टातली तारीख, खाली त्यांची वाक्यं, आणि समासात बारीक अक्षरात तिचं स्वतःचं एक वाक्य लिहून काट मारलेलं. काट मारली होती तरी वाचता येत होतं: तो स्वार्थी आहे. सरांना म्हणायचं होतं की पोरी, तू म्हणालीस तेच खरं होतं, मी तुला वर्गासमोर उगाच बोललो. एवढं साधं वाक्य होतं, बसवायचीही गरज नव्हती. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. रुचिका वही धरून उभी होती आणि ती अजून काही सेकंद उभी राहणार होती.

"सर?" ती म्हणाली.

"गाईड घे," सर म्हणाले. "बरोबर उत्तर त्यात आहे."

रुचिकाने वही मिटली आणि ती जागेवर जाऊन बसली. सरांनी पुढचा नंबर पुकारला.